कोनदार, उभट देवनागरी फाँट: पहिल्यांदा करताना आणि वापरताना

भोसरीत माझ्या मामाचं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. दारावर जेमतेम पाच फुटांची पट्टी आणि नाव मात्र आडनावासकट 'इंजिनिअरिंग वर्क्स अँड फॅब्रिकेटर्स'. इंग्रजी नाव उभट, चौकोनी अक्षरांत ऐटीत बसलं होतं. मराठी नाव पाटीवाल्याने दोन्ही बाजूंनी दाबून बसवलं होतं. काने सुतळीसारखे बारीक आणि शिरोरेघ पट्ट्यासारखी जाड. मामा म्हणाला, "तू फाँट-बिंट करतोस ना? मग कर की."

त्या वाक्यापायी सात महिने गेले. त्यातले निदान चार वाचले असते, जर कुणी सुरुवातीलाच सांगितलं असतं की इंग्रजी अक्षर उभट करताना उंची जवळजवळ फुकट मिळते आणि देवनागरीत तिची किंमत मोजावी लागते. तुम्ही पहिल्यांदाच अशा वळणाला हात घालत असाल तर हे वाचून मग पेन्सिल उचला. फाँट करायचा नसेल, फक्त तयार फाँट वापरायचा असेल, तर थेट आठव्या पायरीवर गेलात तरी चालेल.

१. घराणं ओळखा

या वळणाचे पूर्वज कारखान्यातलेच. जर्मनीचं डीआयएन १४५१ हे मानक १९३६ चं. पट्टी आणि कंपास घेऊन कुणालाही अक्षर काढता यावं असा त्याचा बेत होता, आणि त्यात एक अरुंद वळणही होतं. अमेरिकेत मॉरिस फुलर बेंटन यांनी १९३२ साली 'एजन्सी गॉथिक' काढला. त्यातली अक्षरं अरुंद, चौकोनी, आणि फक्त कॅपिटल. 'फक्त कॅपिटल' हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

देवनागरीत या वाटेवर आधीच काम झालंय. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचे 'तेको', 'खंड' आणि 'राजधानी' हे तिन्ही २०१४ पासून गूगल फाँट्सवर मोफत आहेत. मुंबईच्या एक टाइपचा 'अनेक' २०२२ चा. त्यात जाडी आणि रुंदी दोन्ही सरकपट्टीने बदलता येतात. हे चार उतरवून घ्या आणि एकच वाक्य चारही फाँटांत मोठ्या आकारात छापून भिंतीवर लावा. 'तेको'त कोपरे कसे सोडवलेत आणि 'खंड'मध्ये गोलाई कुठे राखलीय, हे आठवडाभर येता-जाता बघा. काम यांच्यापैकी एकाने भागत असेल तर नवा फाँट करू नका. माझं भागलं नाही, कारण मला कोपरे गोल नको होते, कापलेले हवे होते.

२. साधनं आणि कागद

- आलेख कागद, ०.५ ची पेन्सिल, सेटस्क्वेअर. पहिला महिना संगणक बंद ठेवा.
- फाँट बांधायला 'ग्लिफ्स' किंवा 'फाँटफोर्ज'. पहिलं विकत आणि फक्त मॅकवर चालतं. दुसरं फुकट आणि सगळीकडे चालतं, पण त्याच्याशी जमवून घ्यायला संयम लागतो.
- 'इंकस्केप', म्हणजे चित्रं-आकार काढायचं सॉफ्टवेअर. चाचणीसाठी आणि रेडियमवाल्याला फाइल द्यायलाही.
- चाचणीचे शब्द लिहिलेली साधी मजकूर-फाइल, युनिकोडमध्येच. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीत टाइप केलेला मजकूर इथे चालत नाही, आधी रूपांतर करून घ्या.
- दुसऱ्याच्या फाँटवरून सुरुवात करत असाल तर त्याचा परवाना, पूर्ण वाचून. का ते शेवटी सांगतो.
- दुकानाची पाटी करत असाल तर गुमास्ता परवान्याची प्रत. पाटीवरचं नाव त्यावरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळतंय ना ते बघून घ्या. मामाच्या परवान्यावर 'इंजिनियरिंग' होतं, पाटीवर 'इंजिनिअरिंग'.

३. रुंदीच्या आधी उंचीचा हिशेब

सगळे इथेच फसतात. उभट फाँट म्हणजे अरुंद अक्षर, म्हणून आपण रुंदीपासून सुरुवात करतो. इंग्रजी कॅपिटलना वर काही नसतं, खाली काही नसतं. अक्षर उंच केलं की झालं. आपल्याकडे 'मूर्तींना' हा शब्द घ्या. म खाली दीर्घ उकार, आणि त वर वेलांटी, रफार, अनुस्वार असे तिघं एकाच जागेसाठी भांडतात.

आकड्यांत बघू. फाँटचा चौकोन १००० एककांचा धरला आणि शिरोरेघेचा वरचा काठ ७०० वर ठेवला. वरच्या चिन्हांना ३०० आणि खालच्यांना २८० लागतात. ओळ झाली १२८० ची. आता ऐटीसाठी शिरोरेघ ८७० वर नेली, तर ओळ १४५० होते. म्हणजे अक्षर जवळजवळ चौथाईने उभट झालं, पण ओळीच्या उंचीत आठवा हिस्सा घालवला. एका ओळीच्या पाटीवर हे खपतं. तीन ओळींच्या पोस्टरवर कमाई दिसेनाशी होते.

म्हणून आधी मात्रा दाबा, मग अक्षर. वेलांटीची कमान चपटी करा: एक आडवा तुकडा आणि दोन कापलेले कोपरे. रफार आणि अनुस्वार एकावर एक रचू नका, शेजारी बसवा. 'र्ं', 'ीं' आणि दीर्घ वेलांटीवर रफार-अनुस्वार अशा जोड्यांचे एकत्र आकार हाताने काढा. सॉफ्टवेअरच्या भरवशावर सोडलेत तर टिंब रफारात रुतून बसतं. कोनदार वळणाचा इथे एक फायदा आहे. गोल कमानीला उंची लागते, कापलेल्या कमानीला कमी लागते. मी वरची ३०० ची जागा २४० वर आणली. नंतर रुंदी कमी करताना मला त्याच ६० एककांनी तारलं.

४. कोपऱ्याचा एकच नियम

वर्कशॉपमध्ये धारदार कड मारून टाकण्याला 'चॅम्फर मारणं' म्हणतात. आपल्या अक्षराचंही तेच. नवखा माणूस बाहेरचा कोपरा कापतो आणि आतला तसाच ठेवतो. मग रेघ कोपऱ्यात बारीक होते आणि अक्षर तिथून मोडल्यासारखं दिसतं. किंवा तो आत-बाहेर सारखाच कापतो, मग कोपरा जाड दिसतो.

हिशेब सोपा आहे. काप ४५ अंशांचा असेल, तर बाहेरच्या कापाच्या लांबीतून रेघेच्या जाडीचा ०.५८६ पट वजा करा, तो आतला काप. लांबी म्हणजे कोपऱ्यापासून बाजूवर मोजलेलं अंतर, तिरकी रेघ नव्हे. रेघ ९० ची आणि बाहेरचा काप १०० चा असेल, तर आतला ४७ चा. जाड वजनात (म्हणजे ठळक अक्षरात) रेघ १३० ची झाली की बाहेरचा काप ७६ पेक्षा मोठा हवा, नाहीतर आत कापायला काही उरतच नाही. हे गणित मला मामाकडच्या टर्नरने चहा पिता पिता घालून दिलं. फाँटच्या कुठल्याही व्हिडिओत ते मला सापडलं नव्हतं.

काप ४५ चेच ठेवा. पण र चा पाय, स ची तिरकी, ष ची आडवी-तिरकी यांना ४५ अंशांत अरुंद चौकटीत जागा नसते. त्यांच्यासाठी दुसरा, जास्त उभा कोन ठरवा. मी ६२ घेतला. तिसरा कोन आला की फाँट कारखान्याचा न राहता पतंगाचा वाटायला लागतो.

आणखी एक. शिरोरेघ दांडीइतकी जाड ठेवू नका. आडवी रेघ डोळ्याला नेहमी जास्त जाड वाटते, आणि आपल्याकडे ती शब्दभर धावते. माझी दांडी ११० आणि शिरोरेघ ८४.

५. अक्षरं कोणत्या क्रमाने काढावीत

क, ख, ग असं जाऊ नका. आधी न, प, व, म, त. यांच्या उजवीकडे दांडी आहे. दांडीपासून दांडीपर्यंतचं अंतर ठरलं की फाँटचा ठेका ठरतो. 'नमन', 'पवन', 'तपन' लिहून बघा. काळ्या उभ्या पट्ट्या समान अंतरावर दिसायला हव्यात, गजांच्या खिडकीसारख्या. मग क आणि फ, ज्यांची दांडी मध्ये. मग बिनदांडीचे ट, ठ, ड, द, ह, र. सगळ्यात शेवटी ण, ळ, झ, अ, क्ष, ज्ञ.

म आणि भ ची गाठ अरुंद, जाड वजनात पोकळ ठेवायचा हट्ट धरू नका. ती भरून टाका, ४५ अंशांत कापलेला भरीव ठोकळा करा. बोरूने लिहितानाही गाठ कित्येकदा भरलेलीच यायची.

सगळी अक्षरं सारख्या रुंदीत कोंबायचा मोह होतो. ख, ण, श, ल यांना जास्त जागा द्या. ख आवळला की त्याचा 'रव' होतो आणि 'खत'चं 'रवत' वाचलं जातं.

६. या जोड्या वेगळ्या दिसतात का?

कापलेल्या कोपऱ्यांनी सगळी अक्षरं भावंडांसारखी दिसू लागतात. पुढच्या जोड्या छापा, सहा फुटांवर चिकटवा आणि घरातल्या चष्मा लागलेल्या माणसाला चष्म्याशिवाय वाचायला सांगा:

व-ब, प-ष, घ-ध, म-भ, थ-य, ट-ठ-ढ, ड-ङ-इ.

घ-ध आणि म-भ यांतला फरक शिरोरेघेतल्या फटीवर उभा आहे. ती फट रेघेच्या जाडीच्या निम्म्याहून कमी झाली की छपाईत भरून जाते. ठ चा अष्टकोन होतो, छान दिसतो, पण ट चं तोंड पुरेसं उघडं नसेल तर दोघं जुळे. ष ची तिरकी रेघ मी तीन वेळा पातळ केली. ०.३ आवृत्तीत ती तरीही जाडच राहिली, त्याची गोष्ट पुढे येते.

७. मराठीपण विसरू नका

युनिकोडमध्ये हिंदीचा आणि मराठीचा ल एकच आहे, वळण मात्र वेगळं. दांडीचा ल हिंदीचा, दोन पाकळ्यांचा आपला. अरुंद चौकटीत दांडीचा ल सहज बसतो, म्हणून हात आपोआप तिकडे वळतो. वळू देऊ नका, ल ला रुंदी द्या. श चंही तसंच, आणि ५, ८, ९ या अंकांचंही.

फाँटमध्ये 'भाषा मराठी असेल तर हा आकार' अशी सोय करता येते. पण पाटीवाल्याच्या संगणकावर मजकुराची भाषा कुणी मराठी लावलेली नसते. म्हणून मराठी रूपं मूळ ठेवा आणि हिंदी रूपं पर्यायी करा. ॲ आणि ऑ हवेतच, 'अँड' आणि 'फॅब्रिकेटर्स'साठी चंद्र हवा. 'दऱ्या', 'ऱ्हस्व' यांतला आडवा र सुद्धा. तो ऱ ला हलन्त जोडून येतो. काही लोक र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह असाही टाइप करतात. दोन्ही रस्ते चालू ठेवा.

जोडाक्षरांची फीचर, म्हणजे आकार बदलायचे फाँटमधले नियम, शेपिंग इंजिन (अक्षरं जुळवून दाखवणारा संगणकातला भाग) ठरलेल्या क्रमाने लावतं: आधी क्ष-ज्ञ, मग रफार, रकार, अर्धी रूपं, नंतर जोडाक्षरं. क्रम उलटा समजून लिहिलं की 'राष्ट्र'चे तुकडे होतात. देवनागरीसाठी जुना आणि नवा असे दोन लिपी-टॅग (फाँटमधली लिपीची ओळखखूण) आहेत, नवा घ्या. ऱ्हस्व वेलांटीचे वेगवेगळ्या रुंदीचे पर्याय करावे लागतात, कारण तिची कमान अक्षराच्या दांडीपर्यंत पोचायला हवी. पण उभट फाँटमध्ये रुंद्या एकमेकींच्या जवळ असल्यामुळे माझं चार पर्यायांत भागलं. या सगळ्या उपद्व्यापात स्वस्त पडलेली ही एकच गोष्ट.

चाचणीचे शब्द: कर्तृत्व, मूर्तींना, ज्येष्ठ, वाङ्मय, उद्ध्वस्त, द्वंद्व, पुष्ट्यर्थ, लक्ष्मी, राष्ट्रीय, दऱ्याखोऱ्या, फॅब्रिकेटर्स. रफार वरून कापला जातोय का ते विंडोजवर नक्की बघा. मॅकवर नीट दिसणारं तिथे छाटलं जातं. ओळीची कमाल उंची फाँटमध्ये तीन ठिकाणी नोंदवलेली असते आणि नवखा माणूस एकच ठिकाण भरतो.

८. वापर: इथे काय बिघडतं

*अक्षरांत अंतर टाकू नका.* इंग्रजी उभट अक्षरं लोक सुटी सुटी मांडतात, झोकदार दिसतं. मराठीत तेच केलं की शिरोरेघ तुटते आणि शब्दाचा तुटका जिना होतो. खोटं तिरकं, खोटं ठळक, आडवं दाबणं हेही नको. दाबायचंच होतं तर फाँट कशाला केला?

*फक्त मथळ्याला.* तीन ते पाच शब्द. खालच्या मजकुराला 'मुक्ता'सारखा शांत फाँट घ्या. दोन ओळींचा मथळा असेल तर वरच्या ओळीतले उकार आणि खालच्या ओळीतले रफार कुठे भेटतात ते बघा. शब्द मागेपुढे केल्याने बहुतेक वेळा टक्कर टळते, ओळी लांब सारायची गरज पडत नाही.

*इनडिझाइनमध्ये* परिच्छेदाला 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर लावा, नाहीतर वेलांट्या जागा सोडतात. जुन्या ड्रॉइंग सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या फ्लेक्सवाल्याला फाँट देऊच नका. इंकस्केपमध्ये नाव टाइप करा, बाह्यरेषांत रूपांतर करा आणि पीडीएफ द्या.

*रेडियम कापताना वेल्ड.* देवनागरी फाँटमध्ये शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेघा एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात, मध्ये फट दिसू नये म्हणून. स्क्रीनवर हे कळत नाही. प्लॉटरची सुरी मात्र प्रत्येक आकाराच्या कडेने फिरते. मामाच्या टेंपोच्या दारासाठी मी फाइल दिली तेव्हा रेडियमवाल्या काकांनी पट्टी उचलली आणि 'इंजिनिअरिंग'ची अक्षरं एकेक करून गळून पडली. दोष काकांचा नव्हता, मी आकार एकत्र केलेच नव्हते. बाह्यरेषांत रूपांतर केल्यावर सगळं 'युनियन' करा, मगच पाठवा. तीन मिलिमीटरपेक्षा लहान पोकळी असेल तर ती सोलताना फाटते, तेवढ्यापुरतं अक्षर मोठं करा.

*पत्रा कापताना शिरोरेघ वरदान आहे.* लेझरने अक्षरं पत्र्यातून उभी कापायची असतील तर अख्खा शब्द एकाच तुकड्यात निघतो. इंग्रजीत प्रत्येक अक्षर वेगळं बसवावं लागतं. फक्त टिंबं आणि चंद्र सुटतात. त्यांना खालून बारीक पूल द्या किंवा वेगळी चिकटवा. याउलट पत्र्यात भोक पाडून स्टेन्सिल करायचं असेल तर प, व, ठ यांच्या पोकळ्या गळतात. तिथे पूल असलेली वेगळी आवृत्ती लागते, ती याच फाँटमध्ये कोंबू नका.

*दुकानाची पाटी.* महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. मराठी नाव देवनागरीत, सुरुवातीला, आणि त्याची अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नकोत. आता 'लहान' कशावरून मोजायचं? मात्रांसकट मोजलं तर मराठी सहज मोठी दिसते आणि प्रत्यक्षात अक्षर बारीक राहतं. मी प्रामाणिक माप धरतो: पायापासून शिरोरेघेच्या वरच्या काठापर्यंतची उंची इंग्रजी कॅपिटलएवढी. आधी सांगितलेलं 'फक्त कॅपिटल' इथे आठवा. उभट इंग्रजी पाटीला वर-खाली जागा लागत नाही, म्हणून मराठीसाठी पट्टीच मुळात जास्त उंच मागा. पाटी बनून आल्यावर मागून उपयोग नाही.

*गाडीच्या नंबर प्लेटवर नको.* हा फाँट बघून पहिला फोन भाच्याचा आला, ४१४१ चं 'दादा' करून दे म्हणून. नंबर प्लेटवर इंग्रजी अक्षरं आणि आंतरराष्ट्रीय अंकच लागतात, कलाकुसर चालत नाही. दंड फाँटवाला भरत नाही.

९. परवाना, नाव, आवृत्ती

'तेको', 'खंड' यांसारखे फाँट ओपन फाँट लायसन्सखाली आहेत. त्यांचे आकार घेऊन बदल करायला परवानगी आहे, पण बदललेला फाँट त्याच परवान्याखाली सोडावा लागतो, आणि नुसता फाँट म्हणून विकता येत नाही. मूळ करणाऱ्याने नाव राखून ठेवलं असेल तर तेही वापरता येत नाही. म्हणजे 'मी तेकोच्या र चा फक्त पाय कापला' असं म्हणून तो तुमच्या नावावर विकायला काढता येणार नाही. तुमचे आकार शून्यापासून काढलेले असतील तर कच्च्या कागदांचे फोटो तारखेसकट ठेवा.

गिऱ्हाइकाला देताना लेखी ठरवा: फाँट दिला की फक्त नाव लिहून दिलं? नातेवाईक असला तरी. पाटीसाठी दिलेला फाँट पुढे बिलावर, मग लेटरहेडवर, मग शेजारच्या गाळ्यावर दिसतो.

फाइलच्या नावात आवृत्ती क्रमांक टाका आणि जुनी फाइल कुणाकडे गेली ते वहीत लिहा. मी ते उशिरा सुरू केलं. दारावरची पाटी १.० मध्ये आहे, आणि टेंपोवर अजून ०.३ च धावतेय. त्याच्या मागच्या दारावर 'विशेष' लिहिलंय, आणि ष आतून पूर्ण भरलाय.